अमेरिका दुभंगली ती कशावरून? यादवी युद्धाआधीची वर्षं मुलांना समजावताना

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा धडा शिकवायला घेतला की फळ्यावर आधी सनावळी उतरते. १८२०, १८५०, १८५४, १८५७, १८६०. प्रत्येक सालापुढे एक तडजोड, एक कायदा किंवा एक निकाल. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात, आणि तरी एका साध्या प्रश्नावर गोंधळतात: उत्तरेतल्या राज्यांना दक्षिणेतली गुलामगिरी लगेच बंद करायची होती का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. खरं उत्तर ‘नाही’ असं आहे.

१८६० सालच्या निवडणुकीतही अब्राहम लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाची भूमिका एवढीच होती, की गुलामगिरी जिथे आहे तिथे आम्ही तिला हात लावणार नाही, पण नव्या प्रदेशांत तिला पाय ठेवू देणार नाही. एवढ्यावरून सात राज्यं देश सोडून निघाली. इतकी टोकाची भीती त्यांना कशाची वाटली, हे मुलांच्या ध्यानात आलं की सनावळी आपोआप जागेवर बसते.

महाराष्ट्रातल्या शाळेत हा विषय ओझरता येतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत मात्र मूल साधारण आठवीला पोचलं की तो अभ्यासात येऊन थडकतो, आणि आईबाबांनाच तो नव्याने वाचावा लागतो. त्या पालकांसाठी आणि इथल्या शिक्षकांसाठी मी हा लेख लिहितो आहे. माझं म्हणणं असं, की या चाळीस वर्षांत दोन गोष्टींवर नजर ठेवावी. एक, नवी जमीन कोणाच्या पद्धतीने वसणार. दुसरी, गुलामगिरीतून पळून जाणारी माणसं. पाठ्यपुस्तकं पहिल्या गोष्टीला पानंच्या पानं देतात आणि दुसरी चार ओळींत उरकतात. पण उत्तरेतल्या सामान्य माणसाच्या दारात हा प्रश्न आणून उभा केला तो पळून आलेल्यांनी.

कापूस

सुरुवात १७८७ पासून करावी लागते. फिलाडेल्फियात राज्यघटना तयार झाली तेव्हा ‘गुलाम’ हा शब्द तिच्यात कुठेच येऊ दिला नव्हता, पण गुलामगिरीची सोय तीन ठिकाणी करून ठेवली होती. प्रतिनिधीगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायची. एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर परत द्यायचा. आणि आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही. मुलांना पहिल्या कलमापाशी थांबवावं. ज्याला मत नाही, कोर्टात आवाज नाही, स्वतःच्या लेकरांवर हक्क नाही, त्याच्या डोक्यांच्या गणतीवर त्याचा मालक संसदेत जास्त जागा मिळवतो. हे कलम नीट समजलेला विद्यार्थी पुढचं राजकारण चटकन ओळखतो.

त्या काळातल्या पुष्कळांना वाटत होतं की गुलामगिरी हळूहळू विझेल. उत्तरेतली राज्यं एकामागून एक ती बंद करत होती, आणि व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या जमिनी थकल्या होत्या. १७९३ मध्ये एली व्हिटनी याने सरकी काढण्याचं यंत्र बनवलं आणि चित्र पालटलं. हाताने सरकी सोडवायला दिवस जायचा, म्हणून आखूड धाग्याचा कापूस परवडत नव्हता. यंत्राने तो परवडायला लागला. ज्यांनी विदर्भातली जिनिंग पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. वेचणी मात्र हातानेच होत राहिली. म्हणजे यंत्राने माणसाचं काम वाचवलं नाही, उलट शेतात जुंपायला आणखी माणसं मागितली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते जवळपास ४० लाख झाले, आणि कापसाचं पीक काही हजार गाठींवरून सुमारे ४० लाख गाठींवर गेलं.

आफ्रिकेतून गुलाम आणणं १८०८ मध्ये कायद्याने बंद झालं, पण देशाच्या आतला व्यापार वाढतच गेला. व्हर्जिनिया, मेरीलँड इथून खाली अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे सुमारे दहा लाख माणसं नेली गेली, कित्येक विकून, साखळीला बांधून. नवरा एका मळ्यात, बायको दुसऱ्यात, मूल तिसऱ्याच राज्यात. ‘आर्थिक कारणं’ असं शीर्षक देऊन हा भाग शिकवणं मला पटत नाही. आकड्यांच्या शेजारी ही मोडलेली घरं ठेवलीच पाहिजेत.

आकडेही मात्र सांगावेत, कारण त्यांच्याशिवाय मळेवाल्यांचा हट्ट कळत नाही. युद्धाच्या उंबरठ्यावर अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता, आणि गुलाम माणसांची बाजारातली ‘किंमत’ देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांतल्या गुंतवणुकीपेक्षा जास्त भरत होती. हा पैसा दक्षिणेतच राहत होता असंही नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरण्या याच कापसावर चालत, न्यूयॉर्कचे सावकार आणि विमेवाले याच पिकावर कमावत. इंडियाना आणि इलिनॉय या ‘मुक्त’ राज्यांनी तर १८५० नंतर कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहायलाच बंदी घातली. उत्तर म्हणजे सज्जन आणि दक्षिण म्हणजे दुर्जन अशी मांडणी मुलांना सोपी वाटते, पण ती खोटी आहे.

या कापसाचा धागा आपल्यापर्यंतही येतो. युद्ध सुरू होऊन अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरांचा सट्टा उसळला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच सगळं कोसळलं. दुसरा धागा त्याहून मोलाचा. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, ते गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. मराठी मुलांना हा विषय परका नाही हे सांगायला एवढं पुरेसं आहे.

सिनेटमधलं गणित

अमेरिकेच्या संसदेत दोन सभागृहं. प्रतिनिधीगृहात लोकसंख्येनुसार जागा, सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकी दोन. उत्तरेकडे स्थलांतरितांचा ओघ होता, शहरं वाढत होती, त्यामुळे तीन-पंचमांशच्या मोजणीची मदत असूनही प्रतिनिधीगृहात दक्षिण मागे पडत चालली. राहिलं सिनेट. तिथे १८१९ मध्ये ११ गुलाम राज्यं आणि ११ मुक्त राज्यं, म्हणजे बरोबरी. गुलामगिरीविरुद्धचा कोणताही कायदा तिथे अडवता येत होता.

वर्गात हे करून पाहावं: मुलांचे दोन गट करावेत, प्रत्येक गटाला ११ राज्यं द्यावीत, आणि मग सांगावं, ‘आता मिसुरी राज्य म्हणून आत यायला बघतं आहे, आणि तिथे गुलाम आहेत.’ दोन मिनिटांत वाद पेटतो. कोणाला भूगोल समजवावा लागत नाही. १८२० मध्ये तोड निघाली ती अशी: मिसुरी गुलाम राज्य, त्याच वेळी मेन हे मुक्त राज्य, आणि लुइझियाना खरेदीतून (१८०३ मध्ये फ्रान्सकडून) मिळालेल्या उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांश रेषेच्या वर, म्हणजे उत्तरेला, गुलामगिरी नाही. वृद्ध थॉमस जेफरसन यांनी तेव्हा एका पत्रात लिहिलं, की रात्री आगीची घंटा वाजावी तसा या प्रश्नाने मला दचकवून जागं केलं. जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, हेही त्याच श्वासात सांगावं.

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं भरभर पुढे नेता येतात, पण एक बदल सुटता कामा नये. १८३१ च्या १ जानेवारीला बॉस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसन यांनी तात्काळ मुक्तीची मागणी करणारं साप्ताहिक सुरू केलं. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाने उठाव केला, सुमारे ५५ ते ६० गोरी माणसं मारली गेली, आणि बदल्यात त्याहून कितीतरी अधिक कृष्णवर्णीयांचे जीव घेतले गेले. व्हर्जिनियाच्या विधिमंडळात त्या हिवाळ्यात गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवावी का यावर खरोखर चर्चा झाली. प्रस्ताव पडला. दक्षिणेत अशी मोकळी चर्चा पुन्हा झाली नाही. चार्ल्सटनमध्ये १८३५ साली गुलामगिरीविरोधी टपाल जमावाने जाळलं. पुढच्या वर्षी प्रतिनिधीगृहाने ठराव केला की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेला घ्यायचेच नाहीत. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स म्हातारपणी तिथे खासदार म्हणून बसून या मुस्कटदाबीशी आठ वर्षं झगडले, तेव्हा १८४४ मध्ये ती उठली. आधीची पिढी गुलामगिरीला निदान ‘नाइलाजाचं वाईट’ म्हणत असे. १८३७ मध्ये दक्षिण कॅरोलायनाचे जॉन कॅल्हून सिनेटमध्ये उभं राहून म्हणाले, की ती चांगलीच गोष्ट आहे. एखादी गोष्ट चांगली ठरवली की तिच्यावर तडजोड कशी करणार?

देशाला बांधून ठेवणाऱ्या गाठी याच सुमारास सुटायला लागल्या. मेथडिस्ट चर्च १८४४ मध्ये याच प्रश्नावर फुटलं, बाप्टिस्ट १८४५ मध्ये. एकाच देवाची एकाच पद्धतीने प्रार्थना करणारे लोक एका छपराखाली बसेनात, तिथे राजकीय पक्ष किती दिवस टिकणार, असं अनेकांना तेव्हाच वाटलं होतं.

मग मेक्सिकोशी युद्ध झालं, १८४६ ते १८४८. कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा अफाट मुलूख अमेरिकेच्या हाती आला, आणि तो कोणाचा हा प्रश्न युद्ध चालू असतानाच उठला. जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी नको अशी दुरुस्ती पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड विल्मॉट यांनी मांडली. ती मंजूर झाली नाही, पण तिच्यावरचं मतदान मुलांना दाखवावं. एरवी पक्ष बघून मत देणारे सदस्य इथे आपण कुठल्या बाजूचे, उत्तरेचे की दक्षिणेचे, हे बघून मत देत होते.

पळून आलेला माणूस

१८५० ची तडजोड पाठ्यपुस्तकात पाच कलमांची असते. कॅलिफोर्निया मुक्त राज्य, राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामांचा बाजार बंद, वगैरे. माझा आग्रह असा की बाकीची चार भराभर सांगावीत आणि पाचव्यापाशी तासभर बसावं. ते कलम म्हणजे फरारी गुलामांचा नवा कायदा.

पळालेल्याला परत देण्याचं बंधन घटनेत होतंच, पण उत्तरेतली राज्यं ते पाळायला टाळाटाळ करत. नव्या कायद्याने हे काम केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांकडे दिलं. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही. स्वतःच्या बाजूने बोलायची मुभा नाही. अधिकाऱ्याने त्याला मालकाच्या ताब्यात दिलं तर अधिकाऱ्याला १० डॉलर, सोडलं तर ५. त्याला लपवणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि रस्त्यावरच्या कोणत्याही नागरिकाला पकडापकडीत मदत करायला भाग पाडता येणार. आजवर ज्याला गुलामगिरीशी आपला संबंध नाही असं वाटत होतं, त्या उत्तरेतल्या माणसाला या कायद्याने शिकारीत हाताशी घेतलं.

अँथनी बर्न्स या तरुणाची गोष्ट इथे सांगावी. व्हर्जिनियातल्या रिचमंडहून तो जहाजात लपून १८५४ च्या सुरुवातीला बॉस्टनला आला. वय जेमतेम वीस. २४ मे रोजी त्याला पकडलं. दोनच दिवस आधी, २२ मे रोजी, प्रतिनिधीगृहाने कॅन्सस-नेब्रास्का विधेयक मंजूर केलं होतं आणि १८२० ची ती रेषा पुसायचं ठरलं होतं. बॉस्टनच्या लोकांनी बर्न्सला सोडवायला कोर्टावर हल्ला केला, त्यात एक पहारेकरी मारला गेला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी सैन्य धाडलं. २ जूनला एका माणसाला सैनिकांच्या रांगांमधून बंदरावर नेलं, तेव्हा दुतर्फा हजारो लोक उभे होते, इमारतींवर काळं कापड होतं, आणि एका ठिकाणी ‘स्वातंत्र्य’ असं लिहिलेली शवपेटी टांगली होती.

त्या गर्दीच्या शहरात एमोस लॉरेन्स नावाचा कापडगिरण्यांचा श्रीमंत मालक राहत होता. दक्षिणेच्या कापसावर त्याचं घराणं मोठं झालं होतं, आणि तोपर्यंत तो तडजोडीच्याच बाजूचा होता. त्याने लिहून ठेवलं, की रात्री झोपलो तेव्हा आम्ही जुन्या वळणाचे तडजोडवादी होतो आणि सकाळी उठलो ते कट्टर गुलामगिरीविरोधक होऊन. पुढे त्याने आपला पैसा कॅन्ससमध्ये मुक्तीवाद्यांची वस्ती उभारण्यात घातला. तिथल्या गावाला लॉरेन्स हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

बर्न्सला बॉस्टनच्या लोकांनी पैसे जमवून पुढच्या वर्षी विकत घेऊन मुक्त केलं. पण उत्तरेतल्या राज्यांनी त्यानंतर फरारींना संरक्षण देणारे कायदे आणखी कडक केले, आणि केंद्राचा कायदा आम्ही आमच्या राज्यात चालू देणार नाही असं उघड म्हणायला लागली. हे वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्यावं. राज्याचा हक्क इथे उत्तर सांगते आहे, आणि केंद्राची सक्ती दक्षिण मागते आहे.

मधली जमीन उरली नाही

पुढची सहा वर्षं घटना एकमेकींना धक्के देत जातात. कॅन्सस-नेब्रास्का कायद्याचे कर्ते, इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस, यांचं म्हणणं होतं की तिथल्या वसाहतकऱ्यांनीच मतदान करून ठरवावं. ऐकायला लोकशाही. पण ज्यांच्या आयुष्याचा निर्णय होणार त्या गुलामांना त्यात मत नव्हतं, आणि दोन्ही बाजूंनी बंदुका घेऊन माणसं कॅन्ससमध्ये घुसली. मिसुरीतून टोळ्या येऊन खोटी मतं टाकून जात. तेव्हाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक असलेला व्हिग पक्ष या कायद्यावरून मोडला आणि रिपब्लिकन पक्ष जन्मला, ज्याला दक्षिणेत जवळजवळ आधारच नव्हता.

१८५६ च्या मे महिन्यातले चार दिवस सलग सांगावेत. २१ तारखेला गुलामगिरीवाल्यांनी लॉरेन्स गाव लुटलं. २२ तारखेला वॉशिंग्टनमध्ये, भर सिनेटच्या सभागृहात, दक्षिण कॅरोलायनाचा खासदार प्रेस्टन ब्रूक्स याने मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांना काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारलं. २४ च्या रात्री कॅन्ससमध्ये जॉन ब्राउन आणि त्याच्या मुलांनी गुलामगिरीवाद्यांच्या वस्तीतल्या पाच जणांना घराबाहेर काढून ठार केलं. समनर यांना बरं व्हायला सुमारे तीन वर्षं लागली. ब्रूक्सला त्याच्या मतदारांनी पुन्हा निवडून दिलं, आणि चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या.

१८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्वातंत्र्य मागायला कोर्टात गेलेल्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात, उरलीसुरली वाट बंद केली. सरन्यायाधीश टॉनी यांनी निकालात लिहिलं की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखायचा अधिकार संसदेला नाही. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मूळ कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने गुलामांचा उठाव घडवायला व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला आणि डिसेंबरात तो फासावर गेला. उत्तरेत काही ठिकाणी त्याच्यासाठी चर्चच्या घंटा वाजल्या. त्या घंटा दक्षिणेने ऐकल्या.

इथे मुलं हमखास विचारतात: दक्षिणेतल्या सगळ्याच गोऱ्यांकडे गुलाम होते का? नव्हते. पुढे फुटून निघालेल्या अकरा राज्यांत तीनांतल्या साधारण एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते. मग बाकीचे का लढले? काहींना उद्या आपणही मालक होऊ ही आशा होती. काहींना नात्यागोत्याचा आणि मळेवाल्यांच्या पतपेढीचा आधार होता. आणि पुष्कळांना, कितीही गरीब असलो तरी आपल्या खाली कोणीतरी आहे, ही खात्री सोडवत नव्हती. दक्षिण कॅरोलायना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती. त्यांच्या मुक्तीची नुसती कल्पनाच तिथल्या गोऱ्यांना हादरवत होती. जातीची उतरंड पाहिलेल्या समाजातल्या मुलांना हे उत्तर लवकर समजतं.

त्यांनी स्वतः काय लिहिलं

१८६० मध्ये लिंकन ४० टक्क्यांहून कमी मतं मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांना एकही मतपत्रिका मिळाली नव्हती. दक्षिणेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की आमच्या एकाही मताशिवाय आता देशाचा प्रमुख निवडता येतो. सिनेटची बरोबरी १८५० मध्येच गेली होती. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना बाहेर पडलं आणि १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत आणखी सहा.

हे युद्ध गुलामगिरीवरून नव्हतं, राज्यांच्या हक्कांवरून होतं, असं अजूनही पुष्कळ ठिकाणी शिकवलं जातं. याला उत्तर द्यायला शिक्षकाने वाद घालू नये, त्या राज्यांचीच कागदपत्रं वर्गात वाचावीत. मिसिसिपीचं निवेदन दुसऱ्याच वाक्यात म्हणतं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. दक्षिण कॅरोलायनाची मुख्य तक्रार अशी, की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, म्हणजेच त्या राज्यांनी आपले हक्क वापरले. फुटून निघालेल्या राज्यांच्या नव्या संघराज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हानामध्ये सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच आमच्या सरकारचा पाया आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलं हे वाचून स्वतः निष्कर्ष काढू शकतात.

१२ एप्रिलला दक्षिणेने केंद्राच्या ताब्यातल्या फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि व्हर्जिनियासह आणखी चार राज्यं दक्षिणेला मिळाली. केंद्र सरकार तेव्हाही म्हणत होतं की आम्ही देश एकत्र राखायला लढतो आहोत, गुलामगिरीला हात लावायला नाही.

२३ मेच्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम होडीतून व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोला आले. हा किल्ला अजून केंद्राच्या सैन्याकडे होता. त्या तिघांना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला आणि फरारी गुलामांच्या कायद्यानुसार त्यांना परत मागू लागला. किल्ल्यावरचे केंद्राचे जनरल बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्यांनी सांगितलं की व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, तर अमेरिकेचा कायदा तिला लागू नाही; शत्रूच्या लढाईत वापरली जाणारी मालमत्ता म्हणून या तिघांना आपण ठेवून घेतो आहोत.

बातमी मळ्यांमळ्यांतून पसरली. ३० जुलैला बटलरनी वॉशिंग्टनला पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्याकडे ९०० माणसं आली होती, त्यांत १७५ बायका आणि दहा वर्षांखालची २२५ मुलं. बायका-मुलांनी काही मोर्चे बांधले नव्हते, तेव्हा त्यांना युद्धाची मालमत्ता तरी कसं म्हणायचं? ही माणसं गुलाम आहेत की मुक्त, असं त्यांनी सरकारला थेट विचारलं. ६ ऑगस्टला संसदेने कायदा केला, की ज्याला बंडखोरांच्या युद्धकामाला लावलं होतं त्याच्यावर मालकाला हक्क सांगता येणार नाही. बायका-मुलांबद्दल त्या कायद्यात काही नव्हतं, पण ती किल्ल्यातून परत गेली नाहीत, आणि मागून आणखी येत राहिली.